पांढरी दारू आणि खेकड्यांचा रस्सा

दादाला द्राक्षांची दारू करायची आहे, असं वहिनीनं सांगितलं तेव्हा मी आधी हसलो आणि मग चिडलो. मी लोणावळ्याला रेल्वेत फिटर होतो. सुट्टीला आंदर मावळातल्या आमच्या घरी जायचं म्हणजे अर्धा दिवस पायपीट. एवढं चालून गेल्यावर भावजयीनं पाण्याच्या तांब्याबरोबर असलं काही पुढं ठेवलं, तर कुणाचं डोकं ठिकाणावर राहील?

"पुण्याहून भोकरी द्राक्षं आणा, भावजी," ती म्हणाली. "आनि तोंड वाकडं करू नका. दारू न्हाई, औषध हाय त्ये."

दादा पहिल्या लढाईत फ्रान्सला गेला होता. तिथं खंदकात विषारी धूर त्याच्या नाकातोंडात गेला. जीव वाचला, पण चव गेली. गूळ काय आणि मिरची काय, त्याला सगळं सारखंच. घरी आला तेव्हा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा त्याच्या अंगावर लोंबत होता. चार घास खायचा आणि ताट सारायचा. "माती खाल्ल्यावानी लागतंय," म्हणायचा. गोळ्यांतून वाचलेला माणूस भरल्या घरात, आंबेमोहोराच्या भातापुढं बसून उपाशी मरत होता. मला भयंकर राग यायचा आणि तो काढायला कुणी सापडायचं नाही.

त्याच्या जिभेला शेवटची आठवत होती ती ही दारू. बोटीतून उतरल्यावर त्यांच्या पलटणीचा तळ एका द्राक्षमळ्याशेजारी पडला होता. काढणीचे दिवस होते. मळ्यातल्या म्हातारीनं त्याला मगभर पांढरी दारू दिली आणि बरोबर तळलेला मासा. "आंबट, गार, आनि मागनं जराशी गोड," तो सांगायचा. तीच पुन्हा तोंडात पडली तर जीभ जागी होईल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. वहिनीचा हिशेब त्याहून सरळ होता. चव आली तर जेवतील, जेवले तर राहतील.

मी द्राक्षं आणली. म्हातारीच्या अंगणात दादानं अर्धी कृती पाहिली होती, उरलेली अंदाजानं. वहिनीनं द्राक्षं काथवटीत चुरली, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून रस गाळला आणि लोणच्याच्या चिनी बरणीत भरला. चार दिवसांनी बरणी आतून बुडबुडायला लागली. शेजारची म्हातारी विचारायला आली, तर वहिनी म्हणाली, "काढा हाय, मावशी." त्या वासाचा काढा साऱ्या मावळात कुणी प्यायला नसेल. मावशी पदर नाकाला लावून गेली.

वैशाखात बरणी उघडली. दारू पेजेसारखी गढूळ होती. दादानं घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला, गिळला आणि म्हणाला, "व्हय. हीच."

मग वहिनीला सुचेनासं झालं, काय करू आणि काय नको. या दारूशी काय जमतं, हे शोधण्यात ती बुडून गेली, आणि चाखायला दर सुट्टीला मी. पिठल्याबरोबर ती अगदीच वाईट लागली, दोघंही एकमेकांवर रुसल्यासारखी. सुकटीबरोबर तर विचारूच नका. पण तांदळाच्या पिठात घोळून तळलेले नदीचे मासे खाऊन वर घोट घेतला, तेव्हा मी कबूल केलं की फ्रान्सच्या म्हातारीला अक्कल होती. गरम भात, त्यावर लोणी आणि मीठ, हेही छान जमायचं.

दादाची बाज चुलीजवळच असायची, पावसाळ्यात छातीला ऊब लागायची म्हणून. तिथूनच तो सांगायचा, "आज चिंच चांगली उतरलीय." "मिरची लय झाली गं." वहिनी चुलीकडं तोंड करून डोळे पुसायची. तो आता अर्धी भाकरी खायला लागला होता. मला वाटलं, सुटलो आपण यातून.

श्रावण लागायच्या आधी खाचरात खेकडे चांगले भरले होते. वहिनीनं रस्सा केला. दारू मात्र तोवर फार आंबली होती, म्हणून तिच्या सांगण्यावरून मी लोणावळ्याहून खडीसाखर नेली होती, दोऱ्यावर धरलेला मोठा खडा. तो सगळा विरघळवायला तिचा जीव होईना. दोरा धरून तिनं तो पातेल्यातल्या दारूत गोल गोल फिरवला, बेताची गोडी उतरल्यावर बाहेर काढला आणि पुसून डब्यात ठेवला.

दादा बाजेवरून बघत होता. त्या दिवसांत आमच्याकडं घरोघरी पांढरा खडा असाच फिरवतात, पण तो तुरटीचा, गढूळ पाणी निवळायला.

आम्ही जेवायला बसलो. दादानं रश्शात भाकरी कुस्करली, घास घेतला, वर दारूचा घोट घेतला आणि जीभ टाळ्याला लावून आवाज केला.

"तुरटी जरा जास्त झाली," तो म्हणाला. "तोंड पार आवळलं. पर खेकड्याला चालतीय."

मी घोट घेतला. दारू गोड होती, लग्नातल्या सरबतासारखी.

चिंच, मिरची, ते "व्हय, हीच", सगळं एकदमच कळलं. त्याला काही म्हणजे काही लागत नव्हतं. तो तिच्या हातांकडं बघत होता आणि चवींची नावं घेत होता. ती राबते, तिला बरं वाटावं म्हणून माती गिळत होता.

वहिनीचा हात ताटावर थांबला होता. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी काही बोलेन अशी तिला भीती वाटली असावी.

"व्हय," ती त्याला म्हणाली. "जरा जास्तच फिरली. पुढच्या येळी कमी फिरवीन."

त्या दिवसापासून ती चुलीकडं तोंड करून रांधेना. बाजेकडं तोंड करून बसायची. मिरची टाकायच्या आधी त्याला दिसेल अशी वर धरायची. कोकम, गूळ, मीठ, सगळं आधी वर, मग पातेल्यात. दादा जेवताना बरोबर सांगायचा. एकदाही चुकला नाही.

थंडीत तो गेला. अर्धी भाकरी तो शेवटपर्यंत खात होता, पण अंगाला काहीच लागलं नाही.

पुढं वहिनी लोणावळ्याला आमच्याकडं राहायला आली. माझी बायको पहिल्या आठवड्यातच मला विचारू लागली, "जाऊबाई आमटीत मीठ घालताना असं काय करतात हो?" मला माहीत होतं. मीठ घेतलेली मूठ आधी रिकाम्या कोपऱ्याकडं वर जायची, क्षणभर तिथं थांबायची, आणि मग पातेल्यावर यायची.