झुंबरबाईची पाठवणी

लोणावळ्यात बंगले पुष्कळ, आणि वर्षातले दहा महिने त्यांत राहायला माणूस नसे. झुंबरबाईला राहायला घर नव्हते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, अशी शंका गावात कोणालाच आली नव्हती, तिलाही नाही. दिवसा ती बंगल्यांच्या आवारातला पाचोळा झाडी आणि रात्री बाजारातल्या एका दुकानाच्या फळीवर पाठ टेकी.

तिचे सासर टेपवाडी. ती वाडी धरणाच्या पाण्यात गेली तेव्हा ती नुकती नांदायला आली होती. नवरा भरपाई घेऊन मुंबईला गिरणीत गेला. तो परत आला नाही, भरपाईही नाही.

सन छत्तीसच्या हंगामाआधी प्रतिष्ठितांची सभा भरली. भाषणे कळकळीची झाली. बेघरांचा प्रश्न साऱ्या देशाचा आहे, असे एका वकिलांनी सांगितले, त्यामुळे तो लोणावळ्याचा नाही हे सर्वांना पटले. ज्याला त्याला आपापल्या गावी पोचवून पाटलाच्या हवाली करावे, असे ठरले. फौजदारांनी ते मनावर घेतले.

झुंबरबाईच्या वाट्याला हौशीराम शिपाई आला. आपले गाव आता राहिले नाही, असे तिने त्याला परोपरीने सांगितले. पण असे सगळेच सांगतात, म्हणून त्याने तिला चालायला लावले. तिचा जीव मागे फळीत अडकला होता. फळी एक दिवस मोकळी दिसली की हातची गेलीच.

टेकाड उतरल्यावर पाणी दिसले, तशी ती थांबली.

"आलं गाव."

"कुटं?"

"त्या खोडावर बगळा बसलाय न्हवं? त्याच्या वाईच पुढं, आन् लय खाली. देवळामागलं घर आमचं."

हौशीराम दगडावर बसला. डोक्यावरची पगडी काढून त्याने मांडीवर ठेवली आणि बराच वेळ तो बगळ्याकडे बघत राहिला.

"आन् पाटील कुटं हाय, मावशी?"

"कोंडाजी पाटील? वडगावच्या बाजारात पोती उचलतोय. त्याच्या हवाली करतूस व्हय? त्योच कुनाच्या वळचणीला निजतोय, बाबा. मला माघारी ने. माझी फळी जाईल."

दोघे माघारी आले तेव्हा फळी गेलीच होती. दुकानदाराने तिच्यावर रिकामी खोकी रचली होती.

हौशीराम तिला तसाच चौकीवर घेऊन गेला. बाईला गावापर्यंत नेले, पण पाटील गावात नव्हता, असे त्याने फौजदारांना सांगितले. यात खोटे काही नव्हते. फौजदार नियमाचे पक्के. पाटील सापडेपर्यंत बाई चौकीच्या ताब्यात राहील, असा त्यांनी हुकूम दिला, आणि झुंबरबाईला चौकीची पडवी मिळाली. वर कौलेसुद्धा होती.

पुढे हौशीराम दर आठवड्याला वडगावच्या बाजाराला जाई. कोंडाजीशेजारी पोत्यांवर बसून चिलीम ओढी, टेपवाडीच्या चार गोष्टी ऐके, आणि परत आल्यावर फौजदारांना सांगे, "पाटलाचा तपास चालू हाय, साहेब."