बोडके मास्तरांची काच

वैशाख शुद्ध तृतीयेला वडवणीच्या जहागीरदारांच्या ओट्यावर दोन कामं ठरली. मुलीच्या लग्नातल्या आतषबाजीला हाली पन्नास रुपये, आणि त्या आतषबाजीचा एक फोटो काढण्याला हाली बारा, पैकी पाच विसार. हाली म्हणजे आपल्या निजाम सरकारचा रुपया, इंग्रजांचा कलदार नव्हे. हजर चौघे: खुद्द जहागीरदार, दारूकाम करणारे बीडचे उस्ताद, फोटो काढणारे बोडके मास्तर आणि जहागीरदारांचा कारकून म्हणून लिहून घेणारा मी. तिघांच्या डोक्यावर पगडी, फेटा, टोपी असं काही ना काही होतं. मास्तर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. जहागीरदारांनी दोनदा तिकडं पाहिलं आणि कामाचा माणूस म्हणून सोडून दिलं.

त्या काळी माणूस उघड्या डोक्यानं घराबाहेर पडायचा तो घरात कुणी गेलं तरच. मास्तर रोज पडायचे, म्हणून लोक त्यांना बोडके म्हणायचे. त्यांच्या कॅमेऱ्याच्या भिंगाचं पितळी झाकण एकदा बिंदुसरा नदीच्या डोहात पडलं. नवं मुंबईहून मागवायचं तर महिना गेला असता, म्हणून त्यांनी स्वतःची काळी टोपी भिंगावर घालून पाहिली. ती अशी बसली, की पुढं झाकण मागवलंच नाही. आधी कामापुरती काढायचे, मग ती कॅमेऱ्याचीच झाली. बाजारातून जाताना एखादा दुकानदार हटकून विचारायचा, "मास्तर, कोन गेलं?" मास्तर न थांबता म्हणायचे, "अजून कुणी नाही. तुमच्यातलं कुणी जाणार असेल तर आधी बोलवा, फोटो काढून ठेवू."

त्यांचे वडील जालन्याच्या अडतीत मापाडी होते. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मास्तरही फोटो घेताना तसंच मोजायचे: टोपी काढली की लाभ, दोन, तीन. त्याआधी समोरच्याला बजावायचे की डोळे मिटायचे नाहीत, श्वास धरायचा, आणि टोपी परत बसेपर्यंत हलायचं नाही. हललात तर कागदावर तुमचं भूत येईल. भुताच्या भीतीनं माणसं लाकडासारखी उभी राहायची. पालीचा एक शेतकरी फोटो झाल्यावरही तसाच उभा राहिला. मास्तर आत जाऊन पाणी पिऊन आले, तरी हा गाल फुगवून तिथंच. मास्तर त्याला म्हणाले, "सोड बाबा श्वास, मी तो विकत घेतलेला नाही." आमच्या भागात कॅमेऱ्यासमोर हलायचं नाही हे जे सगळ्यांना पाठ झालं, ते मास्तरांनी शिकवलेलं.

उस्ताद त्यांचे शेजारी आणि सोबती. आयुष्यभर गंधक आणि कोळसा कुटून उस्तादांची छाती कामातून गेली होती. हकिमानं खलबत्त्याला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. घरात नवराबायको दोघंच, मूलबाळ नव्हतं, हाताखाली कुणी टिकलं नव्हतं. ते एकदा माझ्या देखत मास्तरांना म्हणाले, "गवंड्याची भित ऱ्हाती, सुताराची खाट ऱ्हाती. माजं काम सकाळी झाडूनं भरत्यात. एक डाव तरी कागदावर धरा, मास्तर."

हे धरणं सोपं नव्हतं. माणसाचा फोटो दिवसा काढायचा असतो, मोजून भिंग उघडायचं आणि मोजून झाकायचं. आतषबाजी अंधारातली. मास्तरांनी पहिल्यांदा एका उरुसात भिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत उघडं ठेवलं, तर ज्या काचेवर फोटो उमटतो ती सगळी काळी पडली, आणि तिच्यावरून काढलेला कागद पिठासारखा पांढरा निघाला. दुसऱ्या खेपेला वारा समोरून होता, नुसता धूर आला. तिसऱ्या खेपेला कॅमेऱ्याच्या तिवईला कुणाचा तरी बैल अंग घासून गेला. तेव्हापासून त्यांची रीत ठरली. उजेड आहे तोवर जागा धरायची, समोरच्या उंच वस्तूवर भिंग जुळवायचं, तिवईच्या पायांशी दगड रचायचे. वारा पाठीवर घ्यायचा, म्हणजे धूर पुढं निघून जातो. आग फुटली की टोपी काढायची, विझली की टोपी घालायची. "मधला अंधार काचेला दाखवायचा नाही," ते म्हणायचे. "अंधार मोकळा नसतो. त्यात कुणाचा ना कुणाचा कंदील हिंडत असतो."

वडवणीच्या लग्नासाठी उस्तादांनी झाड करायचं ठरवलं. झाड म्हणजे बांबूचा बारा हात उंच सांगाडा, त्याच्या फांदीफांदीला दारूच्या नळ्या. ते त्यांनी आयुष्यात तीनदाच केलं होतं आणि चौथं शेवटचं, हे त्यांना माहीत होतं. झाडाला दोन बहर यायचे. आधी खालून वर पांढरी फुलं फुटत जायची. मग सगळं विझायचं, आतून वात सरकत राहायची, लोकांना वाटायचं संपलं. तेवढ्यात शेंड्यापासून सोनेरी फळं गळायला लागायची. मधल्या अंधाराची गोष्ट उस्तादांनी फक्त मास्तरांना सांगितली. एकाच काचेवर दोन्ही बहर घ्यायचे, असं दोघांचं ठरलं.

एकाच काचेवर, कारण काच एकच उरली होती. विसाराच्या पैशातून मास्तरांनी नगरहून डझनभर काचा मागवल्या. इंग्रजी मुलुखातून आपल्या मुलुखात माल आला, की करोडगिरीच्या नाक्यावर तपासून जकात घेत. तिथल्या माणसानं डबा भर दुपारी उघडला, काळा कागद सोडला, आणि काचा खऱ्याच बारा आहेत का म्हणून एकेक उन्हात धरून पाहिली. आधीच उजेड लागलेल्या काचेवर फोटो उमटत नाही. पावतीवर डझन बरोबर लिहिलं. मास्तरांनी ती पावती मला दाखवली आणि म्हणाले, "कारकून, मोजणी चोख आहे. काचा तेवढ्या मेल्या." घरात आधीची एक शिल्लक होती. ती घेऊन ते वडवणीला आले.

लग्नाला तालुकदार साहेब आले होते, म्हणजे जिल्ह्याचे सर्वांत मोठे अधिकारी, हाकीम. जहागीरदारांचं सगळं लक्ष त्यांच्याकडं होतं. दिवेलागण झाली, मशाली बाजूला नेल्या, मी जहागीरदारांच्या मागं उभा होतो. उस्तादांनी बत्ती दिली आणि पहिला बहर आला. मी त्याचं वर्णन करणार नाही, मला ते साधत नाही. मास्तर मोजत होते, त्यांचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. शेवटचं फूल विझलं तसं त्यांनी टोपी भिंगावर बसवली.

लोकांना वाटलं, संपलं. मशाली परत फिरू लागल्या. त्या उजेडात साहेबांच्या पेशकाराला, म्हणजे त्यांचे कागद सांभाळणाऱ्याला, मास्तरांचं उघडं डोकं दिसलं. हाकिमासमोर उघडं डोकं म्हणजे अपमान. त्यानं शिपाई पाठवला. पुढचं बोलणं मी मागाहून मास्तरांकडून ऐकलं आणि शिपायाकडूनही ऐकलं, दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

शिपाई म्हणाला, "मास्तर, साहेब बसलेत. टोपी डोस्क्यावर घाला."

"जरा थांबा. ती आत्ता इथंच लागते."

"आमाला कावून बोलनी खायला लावता?" असं म्हणून त्यानं भिंगावरची टोपी उचलली, दोन्ही हातांनी मास्तरांच्या डोक्यावर घातली आणि वाकडी बसली होती ती सरळ केली. माणूस वाईट नव्हता. मग त्यानं मास्तरांचे खांदे धरून त्यांना साहेबांकडं वळवलं आणि वाकून तीनदा सलाम करायला लावला.

तेवढ्या वेळात शिपायाबरोबर आलेला मशालजी कॅमेऱ्यासमोर पंधराएक हातांवर येऊन उभा राहिला होता. भिंग उघडं आहे आणि ते आपल्याकडं पाहतंय, हे त्यानं पाहिलं. त्यानं मशाल खांद्याशी सरळ धरली, छाती पुढं काढली आणि श्वास धरला. मास्तर तिसऱ्या सलामातून उठत होते तेव्हा त्याच्या मागं दुसरा बहर फुटला.

"बाजूला हो," मास्तर ओरडले. सगळ्या मांडवानं ऐकलं. मशालजीनंही ऐकलं असणार. तो हलला नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी बीडात काच धुतली आणि उन्हात कागद काढला. मी विसाराचं विचारायला गेलो होतो. उस्ताद काठी टेकत, धापा टाकत आले आणि उंबऱ्यावर बसले. मास्तरांनी कागद त्यांच्या हातात दिला. त्यावर मशालजी होता. डोळे सताड उघडे, मिशीचा केस न् केस दिसावा असा. मशालीच्या जाळानं वरचं सगळं आभाळ पांढरं करून टाकलं होतं. त्याच्या कोपराखाली चारदोन ठिणग्या होत्या.

"ह्ये कोन?" उस्तादांनी विचारलं.

"मशालजी."

"आन झाड?"

"झाड त्याच्या मागं आहे, उस्ताद."

उस्तादांनी कागद उजेडाला धरून पाहिला. मग म्हणाले, "मागं हाय म्हनता ना, मंग हाय." त्यांनी कागद परत दिला.

मास्तर म्हणाले की नव्या काचा आणतो, पुन्हा एक झाड करू, पैसे मी घालतो. उस्तादांनी मान हलवली. "आता पावसाळ्यात दारू सादळंल, मास्तर. आन पावसाळा सरल्यावर म्या न्हाई."

भादव्यात ते गेले. मास्तर खांदा द्यायला आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर टोपी होती. तिथून पुढं ती कधी उतरली नाही. भिंगाला त्यांनी पत्र्याचं झाकण करून घेतलं. त्यांना बोडके मास्तर म्हणणं लोकांनी हळूहळू सोडलं, आणि दुसरं नाव कुणाला माहीत नव्हतं म्हणून नुसतं मास्तर म्हणू लागले. ते फोटो काढत, पण मोजताना आवाज येत नसे. गिऱ्हाईक हललं तरी बोलत नसत. भुतांचे फोटो कोण घेणार? वर्षभरात लोक यायचे थांबले.

उस्तादांच्या मागं झाड कुणाला करता आलं नाही. माझी मुलं आता विचारतात, ते झाड कसं होतं? मी सांगतो, बारा हात उंच. आणखी विचारतात. मला आणखी सांगता येत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांतले बरेच जण प्लेगात आणि तापाच्या साथीत गेले. माझ्या मागं बारा हातही सांगणारा कुणी राहणार नाही.

मास्तर कॅमेरा विकून जालन्याला गेले आणि अडतीत मापाडी झाले. पुन्हा आमची भेट नाही. ते निघाले त्या दिवशी मी सामान बांधू लागायला गेलो होतो. दारात वडवणीचा तो मशालजी येऊन उभा होता, पायी चालत आलेला. आपण नीट उभे राहिलो होतो, तर आपला फोटो निघालाच असेल, तो द्या, असं त्याचं म्हणणं. मास्तरांनी पेटीतून कागद काढून दिला. त्यानं तो पाहिला, हसला, आणि धोतराच्या सोग्यातून पैसे सोडले.

फोटो दिला नाही म्हणून जहागीरदारांकडून बाकीचे सात रुपये आले नाहीत, ते बरोबरच होतं. विसाराचे पाच मास्तरांनी फेडले, ते मीच मोजून घेतले. त्या काचेपायी शेवटी मिळाले ते मशालजीकडून हाली आठ आणे. मास्तर ते मुठीत घेऊन शेजारी गेले आणि उस्तादांच्या बायकोला देऊन आले.