क्लायमॅक्स न पाहता लिहिलेला रिव्ह्यू

माझ्या दादाने आयुष्यात एकच रिव्ह्यू खोटा लिहिला.
आणि तोच सगळ्यांत जास्त पसरला.

आज दादाला जाऊन वर्ष झालं.

तुमच्यापैकी काही जण त्याला मंगरूळपीरचा मेडिकलवाला म्हणून ओळखायचे, बाकीचे त्याच्या फिल्म-रिव्ह्यूच्या पेजमुळे. चाळिशी ओलांडलेला माणूस, दोन पोरींचा बाप, आणि सुपरहिरोंच्या पिक्चरवर जीव टाकायचा.

आई वैतागायची. "ते उडनारे लोकं पाहून पाहून तुले काय भेटते रे?"

"आई, थो उडते म्हणून नाई पाहत मी. उडता येत असूनई त्याले भेव लागते, म्हणून पाहतो."

मतं एकदम पक्की. व्हिलनचं म्हणणं आपल्याला क्षणभर तरी पटलं पाहिजे, नाहीतर पिक्चर फुसका. आणि शेवटी अख्खं शहर पाडून हिरो हसत उभा राहिला की हा थिएटरमध्येच मोठ्याने विचारायचा,
"अन् त्या बिल्डिंगमंधले लोकं कुठी गेले बे?"

पुढच्या रांगेतले वळून बघायचे. मी सीटमध्ये खाली सरकायचे.

मग एक मराठी सुपरहिरो पिक्चर आला. छोट्या बजेटचा. आम्ही दोघं वाशीमला बघायला गेलो. शो उशिरा सुरू झाला, आणि मंगरूळची शेवटची एसटी गाठायला इंटर्वललाच निघावं लागलं.

एसटीत बसल्या बसल्या दादाने रिव्ह्यू टाइप केला. शेवटची ओळ होती, "क्लायमॅक्स म्हणजे निव्वळ व्हिडिओ गेम. त्यापेक्षा घरीच झोपा."

मी म्हटलं, "दादा, क्लायमॅक्स आपन पाह्यलाच नाई."

"पुढं काय होनार ते दिसूनच राह्यलं होतं ना!"

आणि पोस्ट करून टाकलं.

लोकांनी हसून हसून शेअर केलं. मोठमोठ्या पेजेसनी उचललं. "घरीच झोपा"चे मीम्स फिरले. दुकानात गिऱ्हाइकं गोळ्या घेता घेता तेच म्हणायची. दादा जाम खूश.

मग एक मेसेज आला.

"सर, मी पल्लवी, अनसिंगची. पुण्यात ग्राफिक्सचं काम करते. क्लायमॅक्समधला पुराचा सीन आमच्या टीमने केलाय. त्यात नेमकं काय खटकलं, सांगाल का? पुढच्या वेळी सुधारता येईल."

शिवी नाही. टोमणा नाही.

दादाने फोन माझ्यासमोर धरला. "काय सांगू हिले?"

"आधी पाहून ये. मंग सांग."

तोवर वाशीमातून पिक्चर उतरला होता. अकोल्यात सकाळचा एक शो उरला होता. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून आम्ही अकोल्याला गेलो. हॉलमध्ये मोजकी माणसं.

शेवटी गावात पूर येतो. हिरोची सगळी ताकद संपलेली असते. तेव्हा गावातलीच माणसं एकमेकांचे हात धरून पाण्यात उतरतात आणि त्याला ओढून बाहेर काढतात.
कोणीच उडत नाही.

दादा तोंडावर रुमाल धरून बसला होता.

बाहेर आल्यावर रसवंतीपाशी थांबला. "छोटे, असाच शेवट पाहाले मी जिंदगीभर थेटरात जाऊन राह्यलो. अन् नेमका हाच सोडून आलो."

तिथेच उभं राहून त्याने पोस्ट लिहिली. "मी क्लायमॅक्स न पाहता क्लायमॅक्सवर लिहिलं. ते खोटं होतं. पिक्चर बघा."
जुना रिव्ह्यू डिलीट नाही केला. त्याच्याच वर हे लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं.

मग सुरू झालं. "भाऊ विकल्या गेला." "याच्यावर भरोसा ठेवू नका." लोक पेज सोडून गेले.

ज्या ज्या पेजने त्याचा रिव्ह्यू उचलला होता, त्या प्रत्येकाला दादाने मेसेज केला. बहुतेकांनी पाहून सोडून दिलं. एकाने लिहिलं, "जाऊ द्या ना भाऊ, आता कोण वाचतंय?"

दादाने उत्तर दिलं, "मी वाचून राह्यलो ना."

पिक्चर काही टिकला नाही. अकोल्यातूनही उतरला.

दिवाळीत पल्लवी गावी आली तेव्हा दादा मला घेऊन अनसिंगला तिच्या घरी गेला. सगळ्यांसमोर माफी मागितली.

तिचे बाबा म्हणाले, "जाऊ द्या हो, होते असं."

"होते कसं, बाबा?" पल्लवी म्हणाली. "राग आला होता मले. अजून हाय थोडा."

"राहू दे," दादा म्हणाला. "हक्क हाय तुहा."

तिने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "आता पाह्यला ना पुरा? मंग आता सांगा, काय खटकलं?"

दादा चाचरला. "पानी हलकं वाटते. मानूस कमरेएवढ्या पुरात उभा हाय, पन ढकलल्या जात नाई."

पल्लवीने खुर्चीच पुढे ओढली. "हेच! हेच मी टीममंधी बोंबलून राह्यली होती!"

चहा थंड झाला. पल्लवीच्या आईने पुन्हा केला. तोही थंड झाला. या दोघांचं पाण्यावरच चालू.

त्यानंतर शेवट पाहिल्याशिवाय दादाने एक ओळ लिहिली नाही. तुमचा रिव्ह्यू लेट येतो, असं लोक म्हणायचे. यायचाच.

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी दुकानात त्याच्या छातीत कळ आली. अकोल्याला नेता नेता वाटेतच गेला.
यापेक्षा जास्त मला अजून लिहिता येत नाही.

पेज आता मी चालवते. "बाईला सुपरहिरोतलं काय कळते" वगैरे कमेंट रोज येतात. येऊ देत. मी कुठे जात नाही.

येत्या शुक्रवारी पल्लवीचा नवा पिक्चर येतोय. परवा तिचा फोन आला होता. मी म्हटलं, "पल्लवी, मले तं चांगलंच लिहावं वाटन."

"ताई, तसं करसान तं मी बोलनार नाई तुमच्यासंग. फालतू असला तं फालतू लिहा."

लिहीन. पुरा पाहीन, आणि जसा असेल तसाच लिहीन.

दादा, भरल्या मनाने तुला निरोप.
तुझी छोटी