आधी घास कुणाचा?

जगातलं कुठलंही साधं काम आमच्या दाजींच्या हाती दिलं, की ते पार विश्वाच्या मुळाशी जाऊन परत यायचं, आणि येईपर्यंत जेवणाची वेळ टळून गेलेली असायची. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात ते गणित शिकवत, आणि घरी आल्यावर शिकवणं थांबवायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. एकदा दिवाळीआधी रंगकाम निघालं तेव्हा अक्काने त्यांना पितळी डब्यांची उतरंड या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात न्यायला सांगितली. एरवी माणूस डबे उचलतो आणि नेतो. दाजींनी आधी नियम केले. एका वेळी एकच डबा, मोठा डबा लहानावर ठेवायचा नाही, आणि कोपरे तीनच वापरायचे. "तळचा डबा हलवायचा, तर आधी त्याच्यावरची उतरंड हलवली पाहिजे," ते मला समजावू लागले. "ती हलवायची, तर तिच्या वरची. म्हणजे काम तेच, फक्त एका डब्यानं लहान!" रंगारी दारात विड्या ओढत बसला. दुपार कलली. "आणि हे संपतं कुठं?" अक्काने विचारलं. "अगदी वरच्या डब्याशी. त्याच्यावर काहीच न्हाई. तो नुसता उचलायचा." अक्काने तो नुसता उचलला, त्यातली हळद आमटीत घातली आणि म्हणाली, "चालू द्या तुमचं."

दुसरं वेड जोडीचं. दोन ठिपक्यांमधून एक रेघ जाते, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. दाजी ते उलटं करून वाचत. ठिपक्याच्या जागी रेघ घाला, रेघेच्या जागी ठिपका. दोन रेघा एका ठिपक्यात भेटतात. "एक खरं ठरलं की दुसरं फुकटात मिळतं!" द्वैत खरं की अद्वैत, यावर शेजारचे शास्त्रीबुवा तावातावाने बोलू लागले की दाजी म्हणत, "भांडता कशाला? एकच गोष्ट हाय, दोन्ही अंगांनी वाचायची." मी एकदा खोडी काढली, "आणि समांतर रेघांचं काय?" "त्याही भेटतात. फक्त लांब." "लांब म्हणजे कुठं?" यावर दाजी खिडकीशी जाऊन रस्त्याकडे बघू लागले.

लांब म्हणजे कुरुंदवाड. दाजी स्वतःच एका जोडीतले अर्धे होते. त्यांचा जुळा भाऊ तिथे शेती बघायचा. त्यांच्या घरची रीत अशी, की थोरल्याने पहिला घास घेतल्याखेरीज धाकट्याने ताटाला हात लावायचा नाही. आता दाजी आधी जन्मले, म्हणून ते थोरले. पण जुळ्यांत जो मागून येतो तोच पोटात आधी राहिलेला, म्हणून थोरला तो, अशीही आपल्याकडे समजूत आहे, आणि कुरुंदवाडच्या भावाने ती घट्ट धरली होती. आई होती तोवर तिने दोन्ही हातांनी दोघांना एकदम भरवून वेळ निभावली, अगदी मिशा पिकेपर्यंत. ती गेली आणि तेराव्याच्या पंगतीतच दोघांचे हात एकदम उठले. "धाकट्याला रीत कळत न्हाई व्हय?" हेही दोघे एकदमच म्हणाले आणि ताटावरून उठले. पुढे कित्येक वर्षं दोघेही धाकट्याने आधी यावं म्हणून वाट बघत राहिले. दिवाळीला दाजी खिडकीतून रस्त्याकडे बघत बसायचे, आणि अक्का ते बघत बसायची. मला त्यांची फार दया यायची.

मग ऐंशी सालानंतर कॉलेजात संगणक आला. चपला बाहेर काढून आत जायचं, इतका त्याचा मान. दाजींनी हौसेने दोन तुकड्यांचा प्रोग्राम लिहिला. पहिला तुकडा उत्तरासाठी दुसऱ्याला विचारायचा, दुसरा पहिल्याला. मशीन जे अडकलं ते हलेना. शिकवायला आलेला तरुण म्हणाला, "सर, कुणीतरी एकानं न विचारता उत्तर द्यायला पाहिजे ना! नाहीतर हे थांबणार कसं?" दाजी घरी आले ते चपला तिथेच विसरून. "चल," ते अक्काला म्हणाले, "कुरुंदवाडला जायचं." मीही एस.टी.त चढलो.

दारातच दाजी वाकले. "मी धाकटा." पण भाऊही तेवढ्यात वाकलेला. "न्हाई, धाकटा मी!" डोक्याला डोकं आपटलं, दोघेही रडले, आणि ताटं वाढल्यावर नवाच घोळ सुरू झाला. "थोरल्यानं सुरुवात करावी." "करा की मग!" आमटी निवत चालली. शेवटी अक्काने आपल्या ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. "झाली सुरुवात. आता जेवा!" दाजी तिच्याकडे बघतच राहिले. "वरचा डबा!" ते पुटपुटले.

धाकटा कोण, हा वाद मात्र पुढे मिटला नाही. दर दिवाळीला रंगायचा आणि अक्काच्या घासाने संपायचा. दाजी गेले त्या वर्षी दिवाळीला मी अक्काला घेऊन कुरुंदवाडला गेलो. ताटं वाढली होती. समोर तोच चेहरा, त्याच मिशा. माझ्याच्याने वर बघवेना. दाजींचे भाऊ हात आवरून बसले होते.

"जेवा की, भाऊजी," अक्का म्हणाली.

"थोरला यायचाय, वहिनी."

अक्काने भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली. मग ते जेवले.