रमिलाच्या तोंडी घातलेलं वाक्य

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलं नाही. एकोणचाळीस वर्षं संसार केला आम्ही. शेवटचे चार महिने ती अंथरुणाला खिळून होती, मी उशाशी बसून असायचो — बोलायला वेळच वेळ होता. तरी नाही सांगितलं. आज तुम्हाला लिहून का सांगतोय, तेही नीट कळत नाही. थकलोय, एवढं खरं.

मी चर्चचा पाळक होतो, म्हणजे पाद्री. नवापूरच्या पुढं, गुजरातच्या हद्दीला लागून जे डोंगर आहेत, त्यांतल्या एका गावात आमची ख्रिस्ती मंडळी आहे. पत्र्याचं चर्च आणि साठ-सत्तर घरं. सत्तावीस वर्षं तिथल्या माणसांची लग्नं लावली, मयतं पुरली, आजाऱ्यांसाठी प्रार्थना केल्या. आता निवृत्त आहे, पण राहतो तिथंच. लोक अजून पाळकसाहेब म्हणतात. मी ओ देतो.

आमच्या मंडळीत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस जाणता झाला की त्यानं स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करायचा, मग त्याला नदीत पूर्ण बुडवायचं. डोंगरापलीकडच्या मंडळीत बाळाच्या कपाळावर पाणी घालतात, आईबाप त्याच्या वतीनं बोलतात. देव एकच, गाणी बरीचशी तीच. एकमेकांच्या लग्नाला जातो, मयताला जातो. या एका गोष्टीवर मात्र आमचं जमत नाही. आणि न जमण्यात माझा वाटा मोठा होता — मी या विषयावर चांगला बोलतो असं लोक म्हणायचे.

रमिलाची गोष्ट सांगायची तर चोवीस वर्षं मागं जावं लागेल.

भात काढून झालं की आमच्याकडची निम्मी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्या वर्षी रमिला आणि तिचा नवरा निघाले होते. त्यांची पहिली मुलगी, रूथ, दीड महिन्याची होती. निघायच्या आधी रमिला मुलीला फडक्यात गुंडाळून माझ्याकडं आली. आम्ही घरी मावची बोलतो, मराठी फक्त चर्चमध्ये आणि शाळेत. ती आमच्या बोलीतच बोलली, मी मराठीत सांगतो.

"पाळकसाहेब, हिला बाप्तिस्मा द्या. सहा महिने उसाच्या फडात राहायचं आहे. साप आहे, थंडी आहे, ताप आहे. देवाची करून न्यावी म्हणते."

मी नेहमीचं सांगितलं. बाळाला काय कळतं? विश्वास आधी, पाणी मग. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दूध पाजते तेव्हा तरी तिला कुठं कळतं? तरी अंगी लागतंच की. नर्सबाई सुई टोचते, तेव्हा पोराला विचारते का?"

अशा वेळी मी जे करायचो तेच केलं — माझी साक्ष सांगितली. पंधराव्या वर्षी नदीत माझा बाप्तिस्मा झाला, पाण्याखाली गेलो, वर आलो तेव्हा छातीवरचा दगड उतरला होता. हे बाळाला कसं कळणार, रमिला? तिचा हा क्षण तू तिच्यापासून का हिरावतेस?

मुलीकडं बघत ती म्हणाली, "मग राहू द्या. हिलापण तसंच होऊ दे, तुमच्यासारखं."

तसंच. माझ्यासारखं. हा शब्द मला आजही...

असो. पुढचं सांगतो.

होळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्या. रूथ गुटगुटीत झाली होती. आणि रमिला विहिरीवर बायकांना आनंदानं सांगत होती, की तिकडं तोडकऱ्यांच्या पडावावर दर रविवारी एक म्हातारे धर्मगुरू यायचे, उसाच्या पाचटाच्या झोपड्यांमध्ये प्रार्थना घ्यायचे. मुलीला ताप आला, तेव्हा त्यांनी स्टीलच्या पेल्यातलं पाणी तिच्या कपाळावर घालून बाप्तिस्मा दिला. तिनं लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे, हेच तिच्या मनात नव्हतं.

आठवड्याभरात आणखी दोन आया माझ्या दारात आल्या, आमच्या पोरांचंही करा म्हणून. मंडळीचे पंच कुरकुरायला लागले. एक पंच म्हणाला, अशानं सगळी मंडळी डोंगरापलीकडं जाईल. मी काय करायला हवं होतं? घरी जाऊन रमिलाशी बोलता आलं असतं. काहीही न करता गप्प बसता आलं असतं, चार महिन्यांत लोक विसरले असते. मी ठरवलं, की तिनं मंडळीपुढं उभं राहून ते पाणी बाप्तिस्मा नव्हतं असं कबूल करावं. तोवर तिला प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षरस, मिळणार नाही.

ती रडली नाही. नवरा तिला म्हणाला, "बोलून टाक ना, काय जातं?" ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, "मला मराठीत बोलता येत नाही तसं. तुम्ही लिहून द्या."

मी लिहून दिलं. कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या मागं. वाचता येत नव्हतं तिला, म्हणून शेजारच्या मुलीकडून ऐकून ऐकून तिनं ते पाठ केलं. वाक्य असं होतं — माझ्या मुलीच्या कपाळावर पडलेलं ते पाणी निरर्थक होतं, आणि मी मंडळीची क्षमा मागते.

रविवारी ती उभी राहिली. मूल कडेवर होतं. 'निरर्थक' हा शब्द तिच्या जिभेवर कधी आलेलाच नव्हता. ती 'निरथक' म्हणाली. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. आणि मी — सगळ्यांच्या देखत — म्हणालो, "नीट म्हण. निर-र-र्थक."

तिनं पुन्हा म्हटलं. तेव्हा बरोबर आलं.

तुम्हाला वाटेल, हाच गुन्हा. एका गरीब बाईला मंडळीपुढं उभं केलं, तिचा विश्वास तिच्याच तोंडून खोडून घेतला. हाही आहेच. पण पाळक कडक असतात, माणसं तेवढं माफ करतात. एवढंच असतं तर मी ते बायकोला कधीच सांगून टाकलं असतं.

माझा बाप्तिस्मा झालेलाच नाही.

लिहिलं एकदाचं. हात नुसता दमल्यासारखा झाला.

पंधरा वर्षांचा होतो, मिशनच्या बोर्डिंगात शिकत होतो. आमची एकोणीस मुलामुलींची यादी होती. रंगावली नदीच्या काठी सगळे पांढऱ्या कपड्यांत रांगेत उभे, काठावर बऱ्याच मागं गर्दीत आईबाप, गाणी चाललेली. जानेवारीचं पाणी. मला पाण्याची भीती होती. आदल्या वर्षी त्याच डोहात पाय घसरून मी गटांगळ्या खाल्ल्या होत्या, आणि कुणाला बोललो नव्हतो, कारण डोंगरातल्या पोरानं पाण्याला भ्यायचं म्हणजे काय? रांग पुढं सरकत होती. माझ्यापुढं चार जण उरले तेव्हा मी लघवीला जातो असं मागच्याला सांगून करंजाच्या झुडपांमागं गेलो. आणि तिथंच बसलो.

म्हातारे पाळक कमरेइतक्या पाण्यात होते, त्यांना मोतीबिंदू होता. जो समोर येईल त्याला नाव विचारायचे आणि बुडवायचे. किती झाले, कोण राहिला, कुणी मोजलं नाही. मी वरच्या अंगाला उथळ पाण्यात बसलो, ओंजळीनं अंगावर पाणी ओतून घेतलं, डोकं भिजवलं, आणि ओली पोरं शेकोटीपाशी उभी होती त्यांच्यात जाऊन मिसळलो. आई आली. माझे ओले केस तिनं पदरानं पुसले आणि रडायला लागली. बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. सांगा, त्या वेळी मी काय म्हणणार होतो?

पुढच्या वर्षी करून घेऊ, असं ठरवलं होतं. पण यादीवरून सगळ्यांना बाप्तिस्म्याचा दाखला मिळाला होता. दाखल्यावर माझं नाव होतं. पुढं बायबलच्या शिक्षणाला जाताना तो दाखला लागला, मी दिला. तिथं प्रत्येकानं आपल्या बाप्तिस्म्याची साक्ष सांगायची होती. छातीवरचा दगड उतरला — हे शब्द बोर्डिंगात माझ्या शेजारी झोपणाऱ्या पोराचे. तो खरंच पाण्यात गेला होता. मी ते उचलले आणि चाळीस वर्षं वापरले.

चाळीस वर्षं. आधी दुसऱ्या गावांत, मग इथं, दर वर्षी नदीत उभं राहून लोकांना बुडवलं. पाण्याची भीती गेली नाही, कमरेच्या वर मी कधी उतरलो नाही. देणारा कसाही असला तरी बाप्तिस्मा खराच असतो, असं पुस्तकात शिकलो होतो, म्हणून त्यांची काळजी केली नाही. माझी कधीतरी केली. एखाद्या लांबच्या गावी जाऊन, ओळख न देता करून घेता आला असता. किती सोपं होतं. पण तिथंही साक्ष द्यावी लागली असती, आणि खरी साक्ष माझ्याकडं एकच होती, झुडपांमागची.

बघा ना, कुठूनही बघा. पाणी महत्त्वाचं असेल, तर ते रूथच्या कपाळावर पडलं होतं, माझ्यावर नाही. मन महत्त्वाचं असेल, तर त्या बाईनं तापलेलं पोर कुशीत धरून देवाला हाक मारली होती. मी झुडपात लपलो होतो. मी कुठलीही बाजू घेतली तरी ती पुढं आणि मी मागं. आणि ते पाणी निरर्थक होतं हे तिला मी म्हणायला लावलं. दोनदा.

रूथला पंधराव्या वर्षी मीच नदीत बाप्तिस्मा दिला. रमिला काठावर उभी होती. नंतर मला म्हणाली, "झालं, तुमच्यासारखं." त्यात टोमणा नव्हता. तिला टोमणे मारता येत नाहीत.

मग रूथचं लग्न डोंगरापलीकडं झालं. यंदा तिला मुलगा झाला. तिच्या सासरच्या मंडळीत बाळाचा बाप्तिस्मा ठरला, घरातल्या सगळ्यांना बोलावणं आलं. चार दिवस आधी रमिला माझ्या ओट्यावर येऊन बसली. भोपळ्याचा वेल कसा धरलाय वगैरे बोलली. मग म्हणाली,

"पाळकसाहेब, मी तिकडं गेले तर तेव्हा चर्चमध्ये बोलले होते ते खोटं पडेल का?"

मी म्हणालो, "तुझं मन काय सांगतं ते बघ."

"मनाला नाही विचारत. तुम्हाला विचारते."

चोवीस वर्षांनी ती मला स्वतःहून वाट दाखवत होती. तिला हे सगळं सांगायचीही गरज नव्हती. 'जा, रमिला, ते माझं चुकलं होतं' — एवढं पुरलं असतं. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण एक चूक कबूल केली की ती दुसरं विचारणार, का चुकलं म्हणून. मग करंजाची झुडपं आलीच.

मी म्हणालो, "मंडळीपुढं दिलेला शब्द आहे, रमिला. शब्द तो शब्द."

ती "बरं" म्हणाली आणि उठली.

रविवारी मी चर्चला निघालो. वाट तिच्या घरावरूनच जाते. तिचा नवरा, मुलगा, सून सकाळीच पिकअपनं बाळाच्या बाप्तिस्म्याला गेले होते. ती ओसरीवर बसली होती. अंगावर नवी हिरवी साडी, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. केसांना तेल लावलेलं, पायांत चपला. हातात काही काम नव्हतं.

मी सलाम म्हणालो. तिनंही सलाम म्हटलं.

चर्च सुटल्यावर त्याच वाटेनं परत आलो, तेव्हा ती तिथंच बसलेली होती.