बुधवंताचं नाव

आमच्या बाबाला अख्खा गाव बुधवंत म्हणायचा. बुधवंत म्हंजी आम्हा कुणब्यांच्या गावचा म्होरका. सोयरीक जुळवायची त्यानं, भांडण मिटवायचं त्यानं, देवापुढं पहिला नारळ ठेवायचा तोही त्यानंच. आणि दरारा तरी काय सांगू! बाबा अंगणात नुसता खाकरला की आम्ही पोरं तोंडातला घास गिळायचं विसरायचो. कुत्रं शेपूट घालून चुलीमागं जायचं. मी फुला, त्याची थोरली लेक. माझ्या जिभेला सुप्यापासून बाजारकुणंगापर्यंतचे लोक वचकून असतात, पण ती जीभ बाबापुढं टाळूला चिकटून बसायची.

असा माणूस म्हातारपणी बदलला. पार बदलला. मला शेजारच्याच वाडीत दिलेली, त्यामुळं येता-जाता डोळ्यांनी बघायचे. एकदा आले तर बाबा अंगणात उकिडवा बसून म्हशीच्या रेडकाची समजूत घालत व्हता. लेकरा, तुझ्या आयला आज दूध कमी हाय, राग धरू नकोस, असं. आम्हाला उभ्या जन्मात कधी लेकरा म्हटलं न्हाई त्यानं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चुलीपाशी जाऊन आयला म्हटलं, हे काय चाललंय? तर आय पदर तोंडात कोंबून गदगदा हसत बसलेली. म्हणाली, काल कोंबडीची माफी मागितली, तिच्यावर पाय पडला म्हणून.

मग हळूहळू मलाही हसू यायला लागलं. ज्या बाबानं जवानीत डोंगरच्या डोंगर तोडून, जाळून, त्या राखेत नाचणी पेरली, त्याला आता वाळकी फांदी तोडलेलीही खपेना. सरकारनं कुमरी बंद केली, म्हंजी ही डोंगर जाळून पिकवायची आमची रीतच बंद केली, तेव्हा त्यानं किती वर्षं सरकारच्या नावानं बोटं मोडली असतील. आणि आता म्हणायचा, बरं झालं, रानाचीही पाठ भाजली व्हती. दिवाळी सरली की आम्ही रानात कणंगं खणायला जातो. कणंग म्हंजी रानातला कंद, एकेक मांडीएवढा. तो काढला की त्याचं डोकं तोडून परत खड्ड्यात पुरायचं, म्हंजी पुढल्या साली वेल पुन्हा येतो. हे सगळेच करतात. पण बाबा आधी त्या वेलापाशी बसायचा, हात जोडायचा, आणि थोडंसंच घेतो हां, म्हणून सांगायचा. आय म्हणायची, मला मागणी घालायला आले तेव्हा एवढं विचारलं न्हाई.

आय मात्र उलट्या वाटेनं चालली व्हती. तरणेपणी तिचा आवाज उंबऱ्याबाहेर गेला न्हाई. आता ती बाबाच्या चंचीतली तंबाखू त्याच्या देखत काढून खायची. गावातलं भांडण अंगणात आलं की बाबा दोन्हीकडचं ऐकून घ्यायचा, निवाडा द्यायला तोंड उघडायचा, आणि आतून आयचा आवाज यायचा. झाला निवाडा! बाबा मान हलवून म्हणायचा, मी हेच म्हणणार व्हतो.

पण दोन गोष्टी काही बदलल्या न्हाईत. एक बाबाची, एक आयची. बाबाची अशी, की रानात कुणी हाक मारली तर ओ द्यायची न्हाई. रानात माणसाचा आवाज काढून हाक मारणारं काहीतरी असतं, ओ दिली की ते माणसाला वाट चुकवून नेतं, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. त्याला फक्त तुमचं नाव ठाऊक नसतं, आणि तीनदा हाक मारायचा धीर नसतो. म्हणून स्वतःच्या नावानं तीनदा हाक आली तरच ओ द्यायची. आम्ही आपलं कधी पाळायचो, कधी विसरायचो. बाबानं एकदाही मोडलं न्हाई.

आयची गोष्ट तर सगळ्याच बायकांची. नवऱ्याचं नाव घ्यायचं न्हाई, घेतलं तर त्याचं आयुष्य तुटतं. पण दुसऱ्या बायका उखाण्यात तरी घेतात. आयनं तेही कधी घेतलं न्हाई. लग्नात सगळ्यांनी दार अडवून धरलं तेव्हा ती रडायला लागली, मग आजीनं तिला तसंच आत घेतलं म्हणे.

तर मानमोडीची साथ येऊन गेली त्याच्या पुढल्या सालची गोष्ट. त्या तापानं घराघरातली माणसं नेली. आमचा थोरला चुलता गेला, बाबाचे जोडीदार गेले, देवळापाशी बसणारी म्हाताऱ्यांची रांग अख्खी पुसली गेली. पौष महिना व्हता. सकाळी धुकं असं पडायचं की अंगणातली तुळस दिसायची न्हाई. त्यात माझ्या भावाचा, म्हादूचा, बैल ओढ्याकाठी मारलेला सापडला. थोरल्यानं मारला. तुम्ही ज्याला वाघ म्हणता त्याला आम्ही थोरला म्हणतो, त्याचं नाव घेत न्हाई. म्हादूनं बाबाला बजावलं, एकटा रानात जाऊ नको. बाबा बरं म्हणाला, आणि धुक्यातच खणती घेऊन कणंग काढायला निघून गेला. मी माहेरी पोचले तेव्हा आय दारात उभी.

दुपारी धुकं विरलं. बाबा काही आला न्हाई. नजर मंद झालेला म्हातारा माणूस, वर थोरला जवळपास. म्हादूनं गडी गोळा केले, मीही पदर खोचून निघाले. आमचं रान म्हंजी चिव्याच्या बांबूची दाट बेटं, त्यामागं दरी, दरीमागं पुन्हा बेटं. हातभर अंतरावर माणूस बसला असला तरी दिसायचा न्हाई. हाकेशिवाय तिथं कुणी सापडत न्हाई. गडी बुधवंत, बुधवंत म्हणून ओरडत व्हते, म्हादू बाबा म्हणून, आणि मी तर काय काय म्हणाले, देवच जाणे. आधी बाबा म्हणाले, मग रडत म्हणाले, मग रागानं म्हाताऱ्याला दोन शिव्याही घातल्या. घसा बसला. रान गप्प. ऊन काळी नदीच्या अंगाला कलायला लागलं, आणि गड्यांनी एकमेकांकडं बघणं सोडून दिलं. अंधार पडल्यावर त्या रानात थांबायचं कुणी नाव काढणार नव्हतं, आणि अंधार पडल्यावर बाबा उरलाही नसता.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. आय! गुडघ्यांनी तिला ओढ्यापर्यंत जाणं होत न्हाई, आणि ती डोंगर चढून आलेली. मी खेकसलेच तिच्यावर. ती दगडावर टेकली, दम खाल्ला, आणि तिनं एवढंच विचारलं, की तुम्ही त्यांना काय म्हणून हाक मारताय? मी सांगितलं. तशी तिनं कपाळाला हात लावला.

"अगो बये," आय म्हणाली, "बुधवंत तर कुणीही म्हणंल. बाबा तर कुणीही म्हणंल. ते ओ देतील व्हय? नावानं हाक मारणारं आता राहिलंय कोण?"

खरंच की! चुलता गेला, जोडीदार गेले. गावात आता बाबाहून थोरलं कुणी न्हाई. कुणी काका म्हणतं, कुणी मामा, बाकीचे बुधवंत. आमचा बाबा आमच्या डोळ्यांदेखत बिननावाचा झाला, आणि आम्हाला कुणाला पत्ता न्हाई. आयलाच तेवढा व्हता.

म्हादू पुढं झाला. बापाचं नुसतं नाव ओठांवर आणायचं म्हंजी आमच्यात बापाला शिवी दिल्यासारखंच. त्यानं तोंडाला हात लावले, नावातलं पहिलं अक्षर 'ला' म्हणाला, आणि त्याला खोकलाच आला. पुन्हा म्हणाला, तर आवाज शेळीला बोलावल्यासारखा, चार पावलं पण गेला न्हाई. तसा हा म्हादू रेड्याला शिंगं धरून थांबवतो! मी तोंड उघडलं तर माझ्या घशातून नुसती हवा. गडी खाली मान घालून उभे.

आय उठली. मी तिचा हात धरला. म्हटलं, आय, तू नको. तिनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे कोरडे व्हते.

"नाव घेतलं तर आयुष्य तुटतं म्हणतात," ती म्हणाली. "तुटू दे थोडं. उरलेलं तरी हातात येईल."

मग ती दरीच्या काठाशी गेली. काठी खाली टाकली. एवढीशी बाई, वाळक्या शेंगेसारखी, आणि तिच्या छातीतून जो आवाज निघाला तो मी जन्मात ऐकला नव्हता.

"लाडूऽऽ!"

सगळं रान त्या नावानं भरून गेलं. समोरच्या डोंगरानं ते परत दिलं. गड्यांतल्या दोघा-तिघांना तर बुधवंताचं नाव लाडू हाय हे तेव्हा कळलं, पण हसलं कुणी न्हाई. माझ्या अंगावर काटा आला तो आत्ता सांगतानाही येतो, बघा. आयनं दुसऱ्यांदा हाक मारली. काही न्हाई. तिसऱ्यांदा मारताना तिनं डोळे मिटून घेतले व्हते.

मग खालच्या बेटातून, आम्ही दुपारपासून जिथनं दहादा गेलो असू तिथनंच, आवाज आला. ओ न्हाई आली. विचारल्यासारखा आवाज आला.

"सुंदरी?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागलो. सुंदरी कोण? आयचं नाव तर रुक्मिणी. आणि आय मटकन खाली बसली, पदर तोंडावर घेतला, आणि हसतेय का रडतेय ते कळेना. ते तिचं माहेरचं नाव व्हतं. लग्नात बदललं, आणि मग तिला कुणी त्या नावानं हाक मारली न्हाई. मामाकडं सगळे तिला बाय म्हणायचे, त्यामुळं मलाही ठाऊक नव्हतं. बाबानंही आयुष्यभर अगो म्हणूनच भागवलं. पण ते नाव त्यानं जपून ठेवलं व्हतं. दोन म्हातारी माणसं, एक दरीच्या वर, एक खाली, आणि पहिल्यांदा एकमेकांना नावानं बोलावतायत, तेही सगळ्या गावादेखत! मी बाळंतपणं बघितली, साथ बघितली, पण असं काही बघितलं न्हाई.

बाबा कणंगाच्या खड्ड्यात बसला व्हता, पाय मुरगळलेला. कंद बाहेर काढलेला आणि त्याचं डोकं मात्र नीट पुरून ठेवलेलं. म्हादूनं त्याला पाठीवर घेतलं. वाटेत बाबा सांगायला लागला, की त्यानं आमच्या सगळ्या हाका ऐकल्या. त्याला वाटलं, हे रानातलं भलतंच हुशार निघालं, सगळ्या गावाचे आवाज शिकून आलंय. "फुलाचा आवाज तर हुबेहूब," म्हणाला, "शिव्यांसकट." तेव्हा गडी हसले. मीही हसले आणि रडलेही, दोन्ही एकदमच झालं.

घरी आल्यावर आय मुकी झाली. जे झालं ते झालं, आता एकदाही नाव घ्यायची न्हाई, असं तिनं मनाशी धरलं. देवाला नारळ कबूल केला, तीन हाकांत जेवढं तुटलं असंल तेवढं माझ्यातलं घे म्हणून. आणि बाबा? बाबा अंगणात रुसून बसला! जेवायला चल म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करायचा. म्हादूनं बोलावलं, नातवंडांनी बोलावलं, हूं की चूं न्हाई. पेज निवून जायची. मी भडकलेच. म्हटलं, इथं काय रान हाय काय? पाय बरा झाला, कान गेले काय तुझे?

बाबा माझ्याकडं बघून चक्क हसला. बुधवंत हसला! त्यानं मला जवळ बोलावलं.

"माझी आय गेल्यापासून बाईमाणसाच्या तोंडून माझं नाव ऐकलं नव्हतं," तो म्हणाला. "तुझ्या आयला सांग, आयुष्य तुटायचं तर तुटू दे. ऐकून तुटलेलं बरं."

मी आत जाऊन सांगायची गरजच पडली न्हाई. आय दाराआड उभी व्हती. तिनं डोळे पुसले, पदर सारखा केला, आणि उंबऱ्यात येऊन अगदी हळू म्हणाली, "लाडू."

बाबा गप्प.

"लाडू, पेज निवली."

बाबा गप्पच. नातवंडं तोंडं दाबून हसायला लागली. मी म्हटलं, बाबा, दे की ओ, किती छळशील तिला! त्यानं माझ्याकडं बघून एक बोट वर केलं. अजून एक राहिलीय.

"अरे लाडू!" आय ओरडली.

"ओ," बाबा म्हणाला, आणि जेवायला उठला.