माझ्या गणपतीचे डोळे

माझे बाबा पेणला गणपतीचे डोळे आखायचे. कारखाना दुसऱ्याचा, माती आणि रंगही दुसऱ्याचे, डोळे मात्र बाबांचेच. मूर्ती कितीही नटली तरी डोळे सगळ्यात शेवटी, आणि तोवर बाबांच्या लेखी ती नुसती माती.

त्या आषाढात त्यांची रेघ हलायला लागली. मालकाने बोलून दाखवलं तेव्हा कुठे ते माझ्याकडे रोह्याला आले, तेही चष्म्याचा नंबर काढायला. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब घातले आणि संध्याकाळपर्यंत जवळचं नीट दिसणार नाही म्हणाल्या, तर बाबा माझ्यावरच चिडले. कामाचा दिवस फुकट घालवलास म्हणाले.

मग डोळ्यांच्या पडद्याचा फोटो निघाला. स्क्रीनवर केशरी गोल आणि त्यात लाल शिरांचं जाळं. बाबा खुर्ची मागे सरकवून, मान तिरकी करून बघत राहिले.

"कोणाचा हात हाय हा? रेघ बघ गो, कशी सुटलीय."

बाई हसल्या नाहीत. काही शिरा बारीक झाल्या होत्या, काही ठिकाणी दबल्या होत्या, त्या त्यांनी मला दाखवल्या. न कापता शिरा अशा उघड दिसतात त्या इथेच, म्हणाल्या. इथे ही तऱ्हा असेल तर हृदयही बघायला हवं. नुसत्या फोटोवरून खात्री देता येत नाही, पण पनवेलला तपासणी करून घ्या, उशीर करू नका.

थेंबांच्या कृपेने ती दुपार बाबा माझ्या घरी रिकामे बसले. काळा चष्मा लावून, रुसलेल्या पोरासारखे. मी त्यांना मासा निवडून दिला, आणि पनवेलचं टुमणं लावलं. गणपती गेले की जाऊ, एवढंच त्यांचं उत्तर. दरवर्षी गिऱ्हाइकांचे सगळे गणपती आखून झाले की शेवटी ते माझा आखायचे. मी म्हटलं, निदान माझा तरी दुसऱ्याकडून आखून घ्या, तेवढंच तुम्ही लवकर सुटाल.

बाबांनी काळा चष्मा काढला. "तुझा घाईत नाय आखायचा. सगळे गेले की मी निवांत बसतो त्याच्यापुढं."

चष्मा आला, रेघ सुधारली. पेणला त्यांनी सगळ्यांना डोळे ठणठणीत निघाल्याचं सांगितलं. हृदयाचं भावालाही मीच फोनवर सांगितलं. आम्ही दोघं मागे लागलो, पण आखणीच्या दिवसांत बाबांना हलवणं देवाच्या बापालाही जमलं नसतं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी कारखाना रिकामा झाला. भाऊ तिथेच होता. बाबांनी हात धुतले, चष्मा पुसला, माझी मूर्ती पुढ्यात ओढली आणि कुंचला रंगात बुडवला. थोड्या वेळाने ते भिंतीला टेकले. भावाला वाटलं, दमले असतील, जरा विसावले.

सुतकात गणपती बसला नाही. कारखान्यातल्या एका कारागिराने डोळे पुरे करून देतो म्हटलं, अगदी मनापासून. मी नको म्हटलं. मूर्ती रोह्याला माझ्या कपाटात आहे. अशी मूर्ती घरात ठेवू नये असं शेजारणी सांगतात. डोळे नाहीत तोवर ती नुसती माती, हे बाबांचंच उत्तर मी त्यांना देते.

पण उजव्या डोळ्याची वरची पापणी अर्धी आखलेली आहे. रेघ कुठेही हललेली नाही, कुठेही घाई नाही. ती बघितली की मला बाबांचा भयंकर राग येतो, आणि मग रडू आवरत नाही.